टिपूर (रामटेक)

कार्तिक पौर्णिमेला मध्यरात्री नागपूर जिल्ह्यातील रामटेकच्या गडमंदिरावर पेटवली जाणारी ज्योत. मूळ शब्द त्रिपूर; बोलीत टिपूर. ‘टिपूर चांदणं’ हा शब्दप्रयोगही याच पौर्णिमेवरून आला असे मानतात. तारकासुराच्या मुलांची सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची तीन पुरे शंकराने एका बाणात जाळली, त्याची ही आठवण. शंकराची कथा आणि रामाचा गड, पण यात्रेला आलेल्या कोणालाही त्यात विसंगती वाटत नाही.

या ज्योतीला वात लागते ती देवाच्याच वस्त्राची. रामाच्या मूर्तीने वर्षभर नेसलेला पीतांबर या रात्री जाळतात. जुने वस्त्र टाकून न देता त्याचाच उजेड करायचा, ही कल्पना फार सुंदर आहे.

रात्र मात्र दिव्यासाठी सर्वांत अवघड. पौर्णिमेच्या चांदण्यात पणती चार शेतांपलीकडे दिसत नाही. कापसाची सैल वात तेल भराभर ओढते आणि वाऱ्याने विझते. कापडाचा घट्ट पिळलेला काकडा तेल धरून ठेवतो, म्हणून त्याची ज्योत मोठी राहते आणि टिकते. बाकीचे काम डोंगर करतो. पृथ्वी गोल असल्याने दिवा जितका उंच, तितका लांबून दिसतो: १०० मीटर उंचीवरच्या दिव्याचे क्षितिज सुमारे ३६ किलोमीटरवर असते. समुद्रातल्या दीपगृहाचा हिशेबही हाच. अलिबागजवळच्या खांदेरी बेटावर १८६७ साली बांधलेले दीपगृह बेटाच्या उंचवट्याचा असाच फायदा घेते. फरक इतकाच, की दीपगृहात भिंग प्रकाश गोळा करून एका दिशेला फेकते. टिपूर मोकळाच जळतो, चहूकडे.

दिवे उंचावर ठेवायला देशावरच्या देवळांपुढे दगडी दीपमाळा असतात. जाड बुंध्याचा, वर निमुळता होत जाणारा खांब आणि त्यातून बाहेर आलेले हात. प्रत्येक हातावर एक दिवा. रामटेकला मात्र अख्खा डोंगरच दीपमाळेच्या जागी आहे.

हे दिवस विदर्भात कामाचे. कापूसपट्ट्यात सीतादही (वेचणीआधीची शेतातली पूजा) करून वेचणीला हात लागलेला, तर रामटेकच्या बाजूला धान कापणीला आलेला. पावसाळ्यातला दमटपणा गेल्याने हवा स्वच्छ असते आणि ज्योत लांबवर दिसते. आता पायथ्याच्या विजेच्या दिव्यांत ती दुरून ओळखायला नजर सरावावी लागते. शेताच्या धुऱ्यावर, अंधारात उभे राहिले तर अजूनही सापडते.