एबीजीचं सॅम्पल पाठवताय? आधी सिरिंजमधला बुडबुडा काढा

दादर, माहीम, नायगाव, वडाळा भागातल्या आमच्या लॅबशी जोडलेल्या नर्सिंग होम्ससाठी, आणि घरी ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी

"रिपोर्टला इतका वेळ का लागला?" ही एबीजीबाबत, म्हणजे धमनीच्या रक्तातले वायू मोजण्याच्या तपासणीबाबत, आमच्याकडे येणारी नेहमीची तक्रार. रक्त मशीनमध्ये गेलं की काही मिनिटांत आकडे हातात येतात. वेळ जातो तो सॅम्पल दुसऱ्यांदा मागवण्यात. आणि दुसऱ्यांदा मागवायची वेळ येते ती बहुतेक करून एकाच कारणाने: सिरिंजमध्ये हवा राहिलेली असते.

हवेचा एवढासा बुडबुडा काय बिघडवणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. शुगर किंवा सीबीसीच्या सॅम्पलमध्ये त्याने काही बिघडतही नाही. पण इथे आपण रक्तात विरघळलेले वायूच मोजतोय. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथल्या हवेत ऑक्सिजनचा दाब साधारण १५० मिमी पारा असतो आणि कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शून्य. रक्त बुडबुड्याला लागून राहिलं की ते त्या हवेच्या दिशेने सरकू लागतं. समजा, रुग्णाचा खरा पीओटू (रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब) ५५ आहे. बुडबुड्यामुळे तो ६५-७० दिसू शकतो, आणि पीसीओटू (कार्बन डायऑक्साइडचा दाब) खऱ्यापेक्षा कमी. ज्याला तातडीने मदत हवी, तो रुग्ण कागदावर बरा दिसतो. याच्या उलटही होतं. व्हेंटिलेटरवर भरपूर ऑक्सिजन चालू असलेल्या रुग्णाचा पीओटू ३०० असेल, तर तोच बुडबुडा तो खाली खेचतो. म्हणून "थोडं कमी-जास्त धरून रिपोर्ट द्या" हे आम्हाला करता येत नाही. चूक किती आणि कुठल्या बाजूला झाली, हे रक्ताकडे बघून कळत नाही.

त्यात आपले रस्ते. बाइकच्या डिकीत सिरिंज ठेवून खड्ड्यांतून आणली की मोठा बुडबुडा फुटून त्याचा फेस होतो. मग हवा आणि रक्त जास्त ठिकाणी एकमेकांना लागतात आणि बिघाड वेगाने होतो. आमच्या काउंटरवर सिरिंज प्रथम उजेडात धरून पाहतात, ती याचसाठी. फेस दिसला तर आम्ही सॅम्पल मशीनला लावत नाही, लगेच फोन करतो. काहींना हा अडेलपणा वाटतो. पण चुकीच्या आकड्यावर व्हेंटिलेटरची सेटिंग बदलली गेली तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. परत पाठवलेल्या सॅम्पलचे पैसे आम्ही लावत नाही. मनगटातल्या धमनीत सुई घालणं शिरेतून रक्त घेण्यापेक्षा बरंच दुखतं, म्हणून ते दुसऱ्यांदा करावं लागू नये, यासाठीच हा पत्रक-प्रपंच.

तर रक्त काढल्यावर लगेच, रुग्णाच्या खाटेजवळच, एवढं करायचं. मनगट दाबून धरायला दुसऱ्या कोणाला तरी सांगा. निदान पाच मिनिटं, रक्त पातळ होण्याची औषधं चालू असतील तर आणखी जास्त. सिरिंज तोंड वर करून उभी धरा आणि बोटाने हलके टिचक्या मारा म्हणजे बुडबुडे वर जमतील. टोकावर गॉज धरून दट्ट्या सावकाश वर ढकला. हवा निघून गेल्यावर टोकाशी रक्ताचा एक थेंब दिसेल. तो दिसला की थांबा, सुई काढून सोबतची कॅप घट्ट बसवा. त्यानंतर सिरिंज दोन्ही तळव्यांत धरून फिरवा आणि काही वेळा उलट-सुलट करा, म्हणजे सिरिंजमधलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) सगळीकडे मिसळेल. जोरात हलवू नका, पेशी फुटतात आणि पोटॅशियम खोटं वाढतं. क्रम मात्र हाच ठेवा, हवा आधी काढायची आणि फिरवायचं नंतर. बरेच जण आधी फिरवतात आणि तिथेच फेस तयार होतो.

हेपरिनचंही असंच. बाटलीतलं पातळ हेपरिन सिरिंजमध्ये जास्त राहिलं तर ते मिसळून रक्त विरळ होतं. पीसीओटू, बायकार्बोनेट आणि कॅल्शियम कमी येतात. त्यासाठी आम्ही आत कोरडं हेपरिन असलेल्या सिरिंज जोडलेल्या नर्सिंग होम्सना आधीच देऊन ठेवतो, वेगळे पैसे न घेता. संपत आल्या की कळवा.

सॅम्पल बर्फात घालून आणू नका. काचेच्या सिरिंज होत्या तेव्हा तसं करत. आताच्या प्लॅस्टिकमधून बाहेरचा ऑक्सिजन आत झिरपतो, आणि गार रक्तात तो आणखी विरघळतो. साध्या तापमानालाच ठेवा आणि अर्ध्या तासात आमच्याकडे पोहोचवा. सिरिंजमध्येही रक्तपेशी जिवंत असतात, त्या ऑक्सिजन वापरत राहतात आणि पीएच हळूहळू उतरतो, म्हणजे रक्त आम्लधर्मी होत जातं. पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या रुग्णाचं सॅम्पल तर त्याहूनही लवकर यायला हवं. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की अर्धा तास कुठे जातो कळत नाही. अशा दिवशी रक्त काढण्याआधीच फोन करा, आमचा माणूस तुमच्याकडे येऊन थांबेल आणि सिरिंज हातात घेऊनच निघेल.

चिठ्ठीवर फक्त नाव आणि वय नको. रक्त किती वाजता काढलं, रुग्णाचा ताप किती, आणि ऑक्सिजन कशातून किती चालू होता, हे हवंच. पीओटू ९० हा साध्या हवेवर उत्तम आकडा आहे. तोच ६० टक्के ऑक्सिजनवर आला तर फुफ्फुसांचं काही खरं नाही. ऑक्सिजन किंवा व्हेंटिलेटरची सेटिंग बदलली असेल तर वीस-तीस मिनिटं थांबून मगच रक्त काढा.

नातेवाईक विचारतात, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर ९७ दाखवतोय, मग हे टोचणं कशाला? ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनवर ऑक्सिजन किती बसलाय तेवढं सांगतो. कार्बन डायऑक्साइड साचतोय का, रक्त आम्लधर्मी होतंय का, हे त्याला कळत नाही. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची मोठी साथ आली होती. ऑक्सिजन देऊनही रुग्ण दगावत होते. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने दाखवून दिलं की त्यांच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साचतोय. मग वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हाताने पिशवी दाबत रुग्णांना श्वास दिला आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. दम्याचा जुना रुग्ण, सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार), किडनी फेल, डायबेटिक कीटोअॅसिडोसिस (मधुमेहात रक्त आम्लधर्मी होणं), अशा वेळी डॉक्टर एबीजी सांगतात ते याचसाठी.

घरी येऊन धमनीतून रक्त काढायला आम्ही टेक्निशियन पाठवत नाही. ते काम डॉक्टरांनी किंवा त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या सिस्टरनीच करावं, या मतावर आम्ही ठाम आहोत. तुमचे डॉक्टर येणार असतील ती वेळ आम्हाला कळवा, सिरिंज आधी पोहोचेल. रात्रीही मशीन चालू असतं. फक्त सुई घालण्याआधी पाकिटावरच्या नंबरवर एक फोन करा, म्हणजे त्याच वेळी मशीनचं कॅलिब्रेशन चालू असेल तर तसं सांगता येईल, आणि तुमचं सॅम्पल आल्या आल्या लागेल.