माय फेअर लेडी : प्रेक्षकस्मृती आणि रूपांतरे

ब्रॉडवेवरील एक अभिजात संगीतिका. संवाद व गीते ॲलन जे लर्नर यांची, संगीत फ्रेडरिक लोव यांचे, दिग्दर्शन मॉस हार्ट यांचे. पहिला प्रयोग १५ मार्च १९५६ रोजी न्यूयॉर्कच्या मार्क हेलिंजर थिएटरात झाला. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकावर ती आधारलेली आहे. फुले विकणाऱ्या एलायझा डूलिटल या मुलीला ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री हिगिन्झ पैजेखातर उच्चभ्रूंची बोली शिकवतो, हे कथानक मराठी वाचकाला ‘ती फुलराणी’मुळे चांगले परिचित आहे. म्हणून येथे कथेपेक्षा दोन गोष्टींचा विचार केला आहे : तीन पिढ्यांच्या प्रेक्षकांच्या स्मरणात या कृतीचे कोणते रूप टिकून राहिले आणि ते रूप रूपांतरांत कसे उतरले.

मूळ नाटक : ‘पिग्मॅलियन’ची रचना १९१२ मधली. पहिला प्रयोग मात्र १९१३ च्या ऑक्टोबरात व्हिएन्नात, जर्मन भाषांतरात झाला. लंडनचा इंग्रजी प्रयोग ११ एप्रिल १९१४ रोजी हिज मॅजेस्टीज थिएटरात झाला. एलायझा मिसेस पॅट्रिक कॅम्बेल यांनी, तर हिगिन्झ हर्बर्ट बीअरबोम ट्री यांनी उभा केला. हिगिन्झचा मूळ नमुना कोण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. शॉ यांनी प्रस्तावनेत ध्वनिशास्त्रज्ञ हेन्री स्वीट यांची छटा मान्य केली आहे. काही आधुनिक अभ्यासकांचा कल लंडनच्या डॅनिएल जोन्झ यांच्याकडे आहे. स्वभावाचा तिरसटपणा स्वीट यांच्याशी जुळतो आणि प्रयोगशाळेतली उपकरणे व शिकवण्याची पद्धत जोन्झ यांच्याशी, असे दोन्हींत वाटून घेणे अधिक सयुक्तिक वाटते.

या नाटकाची संगीतिका शॉ यांच्या हयातीत होणे शक्यच नव्हते. त्यांच्या ‘आर्म्स अँड द मॅन’वरून ऑस्कर स्ट्राउस यांनी १९०८ मध्ये एक ऑपेरेटा, म्हणजे हलकीफुलकी संगीतिका, रचली होती. तिचा अनुभव शॉ यांना इतका कडू गेला, की पुन्हा आपल्या नाटकाला संगीत लावू द्यायला ते तयार झाले नाहीत. १९५० मध्ये त्यांचे निधन झाल्यावर वाट मोकळी झाली. चित्रपटनिर्माते गेब्रिएल पास्कल यांनी अनेकांकडे विचारणा केली. रॉजर्स आणि हॅमरस्टीन या त्या काळच्या सर्वांत यशस्वी जोडीने प्रयत्न करून नाद सोडला. लर्नर आणि लोव यांनीही एकदा हे काम अर्ध्यावर टाकले होते. अडचण रचनेचीच होती. शॉ यांच्या नाटकात नृत्यवृंदाला जागा नाही, उपकथानक नाही आणि रूढ अर्थाने प्रेमकथाही नाही. अखेर लर्नर यांनी पडद्याआड घडणारे प्रसंग रंगमंचावर आणले आणि गाठ सुटली.

१९५६ चा प्रयोग : निर्मितीचा सगळा खर्च सीबीएस या प्रसारण कंपनीने उचलला आणि ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्या कोलंबिया कंपनीकडे घेतले. हा निव्वळ व्यवहार पुढे या संगीतिकेच्या स्मृतीला कारणीभूत ठरला. न्यूयॉर्कपूर्वीचा पहिला प्रयोग ४ फेब्रुवारी १९५६ रोजी न्यू हेवनला झाला. त्या दिवशी बर्फ पडत होते आणि पूर्ण वाद्यवृंदासह प्रथमच उभ्या राहिलेल्या रेक्स हॅरिसन यांनी ऐनवेळी रंगमंचावर जाण्यास नकार दिला होता. ते गायक नव्हते. शब्द सुराच्या कडेकडेने बोलत न्यायचे, अशी शैली त्यांच्यासाठी घडवण्यात आली होती. बऱ्याच मनधरणीनंतर ते उभे राहिले. ज्यूली अँड्र्यूज तेव्हा वीस वर्षांच्या होत्या आणि तालमीत त्यांची एलायझा काही केल्या उभी राहत नव्हती. हार्ट यांनी बाकीच्या संचाला दोन दिवस सुट्टी दिली आणि एकट्या अँड्र्यूज यांना घेऊन ओळ न् ओळ, हालचाल न् हालचाल बसवली. एका मुलीला बोलायला शिकवण्याच्या नाटकात तीच गोष्ट तालमीच्या खोलीत प्रत्यक्ष घडली, याची नोंद दोघांच्याही चरित्रकारांनी घेतली आहे.

सेसिल बीटन यांची वेशभूषा, ऑलिव्हर स्मिथ यांचे नेपथ्य आणि हान्या होल्म यांची नृत्यरचना यांचा उल्लेख प्रेक्षकांच्या आठवणींत वारंवार येतो. त्यांतही ॲस्कटच्या घोडशर्यतीचा प्रवेश अधिक. सातवा एडवर्ड १९१० मध्ये वारला. त्या दुखवट्यात लंडनचा उमराववर्ग शर्यतीला काळ्या पोशाखात आला होता. बीटन यांनी त्यावरून काळ्या-पांढऱ्या-करड्या रंगांत सगळा प्रवेश बांधला. स्तब्ध उभे असलेले उमराव, चेहऱ्यावरची रेषही न हलवता म्हटलेले गाणे आणि मग एलायझाच्या तोंडून निसटलेली शिवी असा तो क्रम आहे. शिवीवरचा हशा जमतो तो आधीच्या निश्चलतेमुळे.

एकूण २,७१७ प्रयोग होऊन २९ सप्टेंबर १९६२ रोजी हा प्रवाह थांबला. तोवरच्या ब्रॉडवे संगीतिकांत हा उच्चांक होता. लंडनला ड्रुरी लेन थिएटरात ३० एप्रिल १९५८ पासून २,२८१ प्रयोग झाले. १९५७ चे सहा टोनी पुरस्कार या संगीतिकेला मिळाले.

स्मृतीचे वाहक : प्रेक्षकांच्या आठवणी वाचताना एक बाब ध्यानात ठेवावी लागते. हॅरिसन यांनी न्यूयॉर्कचा संच १९५७ च्या अखेरीस सोडला आणि अँड्र्यूज यांनी १९५८ च्या आरंभी. त्यानंतरची साडेचार वर्षे तिथे इतर नट होते. हिगिन्झच्या भूमिकेत प्रथम एडवर्ड मलहेअर आले, एलायझाच्या भूमिकेत सॅली अ‍ॅन हाउझ. म्हणजे न्यूयॉर्कच्या बहुसंख्य प्रेक्षकांनी मूळ जोडी पाहिलेलीच नाही. तरीही आठवणी निघतात त्या हॅरिसन-अँड्र्यूज यांच्याच. याचे कारण ध्वनिमुद्रिका. पहिल्या प्रयोगानंतर दहाच दिवसांनी, २५ मार्च १९५६ रोजी, संचाने एका दिवसात सर्व गाणी मुद्रित केली आणि ती तबकडी अमेरिकेच्या घराघरांत पोहोचली. आधी कानांनी ऐकलेले नंतर थिएटरात डोळ्यांनी पाहिले, आणि वर्षांनी दोन्ही एकजीव झाले. अशा आठवणींना खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या माणसांनी अँड्र्यूज यांचा आवाज खरोखरच शेकडो वेळा ऐकलेला असतो.

ब्रिटनमध्ये उलट घडले. लंडनच्या प्रयोगाचे नावीन्य टिकावे म्हणून तोवर ही गाणी तिथे वाजवायला बंदी होती आणि अमेरिकेहून येणारे लोक तबकड्या सामानातून लपवून आणत. शिवाय १९५६ ची मूळ तबकडी एकमार्गी ध्वनीची होती. लंडनच्या संचाने १९५९ मध्ये तीच गाणी स्टीरिओत पुन्हा मुद्रित केली. त्यामुळे ‘मूळ संचाची तबकडी’ म्हणून सांगितली जाणारी प्रत नेमकी कोणती, हे तपासून घ्यावे लागते. १९५६ ची अधिक ताजी, १९५९ ची अधिक सफाईदार. जाणकारांचा कौल बहुधा पहिलीकडे पडतो.

जॉर्ज क्यूकर दिग्दर्शित चित्रपट १९६४ मध्ये आला. वॉर्नर कंपनीने अँड्र्यूज यांच्याऐवजी ऑड्री हेपबर्न यांना घेतले आणि गाण्यांपुरता मार्नी निक्सन यांचा आवाज वापरला. चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाले. हेपबर्न यांना नामांकनही नव्हते, आणि त्याच वर्षी अभिनेत्रीचा ऑस्कर अँड्र्यूज यांना ‘मेरी पॉपिन्स’साठी मिळाला. थिएटरात नाटक पाहिलेल्या पिढीने हे प्रकरण मनाला फार लावून घेतले. हॅरिसन यांनी मात्र आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवायला नकार दिला, म्हणून टायमध्ये लपवलेल्या बिनतारी मायक्रोफोनवर त्यांचे बोल चित्रीकरणातच टिपले गेले. हिगिन्झच्या प्रयोगशाळेत स्वरांचे जे नमुने ऐकू येतात, ते या चित्रपटाचे सल्लागार असलेले ध्वनिशास्त्रज्ञ पीटर लाडेफोगेड यांच्या आवाजातले आहेत.

मूळ रंगमंचीय प्रयोग पाहण्याची सोय आज नाही. नाटकांची चित्रणे जतन करणारा न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाचा संग्रह १९७० मध्ये सुरू झाला, आणि तोवर संच कधीच पांगला होता. मार्क हेलिंजर थिएटरच्या वास्तूत आता चर्च भरते.

शेवटाचा वाद : एलायझा परत येते की नाही, हा प्रश्न १९१४ पासूनचा आहे. शॉ यांच्या संहितेत ती निघून जाते. ट्री यांनी पडदा पडता पडता तिच्याकडे फुले फेकून प्रेमाचा सूर लावला आणि शॉ संतापले. १९१६ मध्ये त्यांनी नाटकाला एक लांबलचक पुरवणी जोडून एलायझाचे लग्न तिच्यावर भाळलेल्या तरुण फ्रेडीशी लावून दिले. ‘पिग्मॅलियन’वरच्या १९३८ च्या इंग्रजी चित्रपटात मात्र ती परत येते आणि हिगिन्झ तिच्याकडे सपाता मागतो. लर्नर यांनी तोच शेवट उचलला आणि प्रकाशित संहितेच्या आरंभी शॉ यांची क्षमा मागून म्हटले, की त्यांचे म्हणणे बरोबरच आहे याची आपल्याला खात्री नाही. १९५६ च्या संहितेतही आलिंगन नाही, विवाहाचा शब्द नाही. त्यामुळे तो सुखान्त आहे असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि प्रेक्षकांना तो सुखान्त म्हणूनच आठवतो, हेही तितकेच खरे. २०१८ च्या न्यूयॉर्कमधील लिंकन सेंटरच्या प्रयोगात दिग्दर्शक बार्टलेट शर यांनी एक शब्दही न बदलता एलायझाला प्रेक्षागृहातून बाहेर नेले. शॉ यांच्या हेतूच्या सर्वांत जवळ जाणारा उपाय हाच म्हणावा लागेल.

इतर भाषांतील रूपे : १९५९ मध्ये मेक्सिकोत स्पॅनिश, १९६१ मध्ये बर्लिनला जर्मन आणि १९६३ मध्ये टोकिओला जपानी प्रयोग झाले. १९६० मध्ये अमेरिकी संच सोव्हिएत संघात गेला होता. बर्लिनच्या प्रयोगात एलायझा स्थानिक बर्लिनी बोली बोलते. बोलीचा पेच प्रत्येक भाषेने आपापल्या शहरात सोडवला.

भारतात शॉ यांचे कथानक अनेक वाटांनी आले. कुदसिया झैदी यांचे उर्दू ‘आझर का ख्वाब’, मधु राय यांचे गुजराती ‘संतु रंगीली’, देव आनंद यांचा हिंदी चित्रपट ‘मनपसंद’ (१९८०) आणि उत्तम कुमार यांचा बंगाली ‘ओगो बधू सुंदरी’ (१९८१) ही त्यांतली ठळक उदाहरणे.

‘ती फुलराणी’ आणि स्वगताचा उगम : पु. ल. देशपांडे यांचे हे रूपांतर साधारणतः १९७५ च्या आरंभी रंगमंचावर आले. शीर्षक बालकवींच्या कवितेची आठवण करून देणारे. मंजुळा साळुंखेची भूमिका भक्ती बर्वे यांची, प्राध्यापक अशोक जहागीरदार सतीश दुभाषी यांचे. बहुतेक ठिकाणी त्याची नोंद ‘पिग्मॅलियनचे रूपांतर’ एवढीच असते. ती चूक नाही, पण अपुरी आहे.

कारण मराठी प्रेक्षकाला या नाटकातले पहिल्याप्रथम आठवते ते मंजुळाचे ‘तुला शिकवीन चांगलाच धडा’ हे स्वगत. शिकवणीने आणि मास्तराच्या टोमण्यांनी पिचलेली मंजुळा एकटी असताना त्याला धमकावते, सूड रंगवते. शॉ यांच्या नाटकात असे स्वगत नाही. असण्याचा संभवही कमी, कारण १९१४ च्या रचनेत शिकवणीचा काळ दोन अंकांच्या मध्ये, रंगमंचाबाहेरच सरतो. शिकवणीचे प्रसंग सविस्तर आले ते १९३८ च्या चित्रपटात. ‘द रेन इन स्पेन’ हे उच्चाराच्या सरावाचे वाक्यही तिथलेच, शॉ यांच्या मूळ नाटकातले नव्हे. आणि शिकवणीच्या ऐन मध्यावर एकट्या एलायझाला सूडाचे बोल देणारी जागा निर्माण केली ती संगीतिकेने, ‘जस्ट यू वेट’ या गाण्यात. हिगिन्झ आजारी पडेल, बुडेल, आपण श्रीमंत होऊ, खुद्द राजा आपल्या नावाचा दिवस जाहीर करील आणि आपण त्याच्याकडे हिगिन्झचे मुंडके मागू, अशी ती चढत जाणारी कल्पना आहे. स्वगताची जागा, एकटेपणा, मास्तराला उद्देशून दिलेली धमकी आणि यमकांची चाल हे सगळे शॉपेक्षा लर्नरशी जुळते. पु. लं.समोर शॉ यांच्या संहितेबरोबर संगीतिकाही होती, असे मानणे म्हणूनच सयुक्तिक ठरते.

यात उसनवारीचा आरोप नाही. उलट पु. लं.च्या कानाचा तो पुरावा आहे. स्वतः संगीतज्ञ असूनही त्यांनी ‘ती फुलराणी’चे संगीत नाटक केले नाही. गाण्याची जागा ठेवली आणि चाल काढून घेतली. लय मग नटीच्या जिभेवर आली. बर्वे यांचा आवाज हेच तिथले वाद्य. स्वर दाबून धरणे, मग शब्दावर आदळणे, हुंदक्याच्या काठावरून खट्याळपणाकडे उडी मारणे, हे सगळे त्यांनी सुराशिवाय साधले. १९६४ च्या चित्रपटातही ‘जस्ट यू वेट’च्या आरंभीच्या भागात हेपबर्न यांचा स्वतःचा आवाज राहू दिला गेला. गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळचे हे गाणे आहे, याला तेवढाच आणखी आधार.

बर्वे यांनी पुढे ‘पु. ल., फुलराणी आणि मी’ हा कार्यक्रमही केला. २००१ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील अपघातात त्यांचे निधन झाले. मंजुळाची भूमिका नंतर सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष आणि हेमांगी कवी यांनी केली. या संचांविषयीचे लेखन पहिल्या संचाच्या मानाने तुटपुंजे आहे. जी परीक्षणे आहेत ती बहुधा बर्वे यांच्याशी तुलना करून थांबतात. २०२३ मध्ये याच कथासूत्रावरचा विश्वास जोशी दिग्दर्शित ‘फुलराणी’ हा मराठी चित्रपट आला. त्यात प्रियदर्शिनी इंदलकर व सुबोध भावे यांच्या प्रमुख भूमिका आहेत.