टोकियोचं सूत्र आणि गंगावेशीतली रेंज

वाटेत काही आडवं आलं की किरण पोचत नाही, हे कोल्हापूरकरांना वेगळं शिकवावं लागत नाही. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचण्याचा सोहळा, जवळ आला की महाद्वाराच्या दिशेला कुठली इमारत, कुठली पाण्याची टाकी मधे येते यावर चहाच्या गाड्यांवर चर्चा झडते.

मोबाइलच्या लहरी उजेडाच्याच जातीच्या, फक्त फार लांब. ९०० मेगाहर्ट्झला एका लहरीची लांबी सुमारे ३३ सेंटिमीटर भरते. त्यामुळे त्या छपराच्या कडेवरून थोड्या वाकतात, भिंतींवर आपटत बोळात शिरतात. मात्र वाटेत त्यांची ताकद विरत जाते, आणि या घटीला म्हणतात पाथ लॉस. तो मोजतात डेसिबलमध्ये : १० डेसिबल म्हणजे दहापट, ३० म्हणजे हजारपट. फोनच्या सेटिंगमध्ये उणे १०० डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेले डेसिबल) दिसत असेल, तर तुमच्या हातात एका वॅटचा दहा लाख कोटीवा भाग पडलेला असतो. तेवढ्यावरही बोलणं होतं, हे मला अजून नवल वाटतं.

मोकळ्या अवकाशात अंतर दुप्पट झालं की ताकद चौथाई होते. गावात एवढ्यावर भागत नाही. जपानच्या ओकुमुरांनी टोकियो परिसरात गाडी फिरवून मोजमापं घेतली आणि कुठे किती ताकद विरते याचे आलेख १९६८ मध्ये प्रसिद्ध केले. १९८० मध्ये हाता यांनी त्या आलेखांवरून पाथ लॉसचा अंदाज देणारं सूत्र बांधलं. या सूत्रानुसार अँटेना ३० मीटरवर असेल, तर अंतर दुप्पट होताच ताकद अकरा-बारा पटींनी घटते. सूत्र आजही वापरात आहे, पण ते १ किलोमीटरच्या पुढचंच सांगतं. दाट पेठांत टॉवर त्याहून जवळ असतात. शिवाय टोकियोत कोल्हापूरच्या गंगावेशीसारखी पेठ कुठून असणार!

म्हणून सूत्राचा सांगाडा ठेवून आकडे इथले भरतात; असं बसवलेलं सूत्र म्हणजे त्या गावाचं मॉडेल. स्कॅनर (सिग्नलची ताकद मोजणारं यंत्र) आणि जीपीएस घेऊन गाडी रस्तोरस्ती फिरते. हीच ड्राइव्ह टेस्ट. चार बोटं सरकलं तरी सिग्नल वरखाली होतो, म्हणून साधारण ४० लहरींच्या अंतरातल्या, म्हणजे १३ मीटरभरातल्या नोंदींची सरासरी घेतात. मग मोजलेलं आणि सूत्रानं सांगितलेलं यांतला फरक कमीत कमी होईल असे आकडे संगणक शोधतो. रंकाळ्याच्या पाण्याला, वाड्यांच्या दाटीला, मोकळ्या माळाला वेगवेगळी दुरुस्ती लागते.

इथंच फसगत होते. एखाद्या बोळात सिग्नल इतका क्षीण असतो की नोंदच होत नाही. नोंद नाही म्हणून तो बोळ हिशेबातून गळतो, आणि उरलेल्या आकड्यांवरून संगणकाला वाटतं, सगळं झकास आहे. 'रेंजच नाही गा' म्हणणारा माणूस नेमका त्याच बोळात राहतो.

गावाबाहेर पडलं की ऊस. टॉवर ३० मीटर उंच, दोन किलोमीटर दूर. तुम्ही तीन मीटर वाढलेल्या फडात, फोन कानाशी दीड मीटरवर. साधी भूमिती केली तर सरळ येणाऱ्या लहरीला शेवटचे शंभरेक मीटर पाल्यातूनच काढावे लागतात, आणि पाला ओला असेल तर घट आणखी वाढते. आता ड्राइव्ह टेस्ट मार्चमध्ये, तोड झाल्यावर केली, तर मॉडेल मोकळ्या रानाचं बनणार आणि श्रावणात त्याच रानात चुकणार. माझ्या मते आपल्याकडं मोजणीच्या तारखेला रस्त्याइतकंच महत्त्व द्यायला हवं.

आकडे बसले की परीक्षा. ती ज्या रस्त्याची मोजमापं आकडे बसवताना वापरलीच नव्हती, त्यावर घ्यायची. नाहीतर पाठ केलेलं गणित परीक्षेत आल्यासारखं होतं. सरासरी चूक शून्यावर आणली तरी आठेक डेसिबलची इकडेतिकडे राहतेच, म्हणजे एखाद्या ठिकाणी सहापट कमीही. तेवढी शिल्लक धरूनच पुढच्या टॉवरची जागा ठरवतात.