जलरंगातील वस्तुचित्रण: रंग आणि टोन

समोर मांडलेल्या वस्तू बघून जलरंगात केलेले चित्र म्हणजे जलरंगातील वस्तुचित्र. त्याला स्थिरचित्र असेही म्हणतात. पितळेचा तांब्या, दोन कांदे, एक वांगे आणि मागे चुण्या पडलेले फडके एवढ्या सामानावर हा विषय शिकता येतो. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात एक फेरी मारली की वर्षभराची मांडणी घरी येते. चित्रकाराला दोन गोष्टी एकदम हाताळाव्या लागतात: वस्तूचा रंग, आणि तो रंग त्या जागी किती उजळ वा गडद आहे ते. या दुसऱ्या गोष्टीला कलावर्गात सरसकट ‘टोन’ म्हणतात. रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी तांब्या तांब्याच राहतो, पण टोन चुकला की तो कापलेल्या पत्र्यासारखा सपाट दिसतो.

ठाणे आणि नवी मुंबईतल्या बहुतेक मुलांची या विषयाशी पहिली गाठ राज्याच्या कला संचालनालयाच्या शासकीय रेखाकला परीक्षांमुळे पडते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत वस्तू बघून काढायच्या चित्राला स्थान आहे, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीमुळे दहावीला वाढीव गुण मिळतात. परीक्षेमुळे हजारो मुले वस्तूकडे निदान एकदा नीट बघतात, हे तिचे मोठे देणे. पण वेळेत चित्र संपवायच्या घाईत पितळेला तयार पिवळा आणि सावलीला तयार काळा लावायची सवयही तिथेच जडते, आणि ती मोडायला पुढे बरीच वर्षे लागतात.

जलरंग म्हणजे बाभूळवर्गीय झाडाच्या डिंकात घोटलेली रंगपूड. रंगाचा थर इतका पातळ असतो की प्रकाश त्यातून आरपार जाऊन कागदावर आपटतो आणि परत डोळ्यांपर्यंत येतो. म्हणून या माध्यमात पांढरा रंग म्हणजे कागदच, आणि उजळपणा म्हणजे पाणी. तैलरंगात पांढरा मिसळून रंग उजळवता येतो. इथे उजळ जागा आधीच ठरवून कोरी सोडावी लागते. शिवाय ओला रंग वाळल्यावर फिका पडतो. नवशिक्याचे चित्र संध्याकाळी जिवंत आणि सकाळी मलूल दिसते ते यामुळेच. उपाय एकच: ओला असताना ‘जरा जास्तच झाला’ असे वाटेल इतका गडद लावायचा.

टोन शिकण्याची जुनी आणि आजही सर्वांत चांगली रीत म्हणजे एकाच रंगात चित्र करणे. बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी रंग घ्यावा, डोळे किलकिले करून मांडणीकडे बघावे आणि दिसेल ते उजळ, मधला व गडद अशा तीनच टोनमध्ये बसवावे. किलकिल्या डोळ्यांना बारीकसारीक तपशील दिसेनासे होतात आणि मोठे आकार उरतात. हल्ली मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून टोन ताडून पाहतात. ते चालेल, पण आधी डोळ्याने निवाडा करून मगच.

रंग आला की अडचण वाढते, कारण प्रत्येक रंगाची गडद होण्याची मर्यादा वेगळी असते. पिवळा हा मुळातच उजळ रंग. कितीही दाट लावला तरी तो गडद होत नाही, आणि काळा मिसळला की हिरवट पडतो. तांब्याच्या सावलीकडच्या बाजूकडे जवळून बघितले की कळते, तिथे पिवळा जवळजवळ नाहीच. उजेडाकडून गव्हाळ, मग विटकरी, मग निळसर झाक असलेला तपकिरी, आणि अगदी कडेला फडक्यावरून परतलेल्या उजेडाची एक फिकट पट्टी. ही पट्टी दिसते म्हणून पांढरी ठेवणारे बरेच असतात, पण ती सावलीतलीच आहे. उजेडाकडच्या कुठल्याही भागापेक्षा ती गडदच राहिली पाहिजे.

वांग्याचे नेमके उलटे. त्याच्या चकचकीत सालीवर खिडकी पांढरट-निळी उमटते, बाकीचा बराच भाग काळ्याच्या जवळ जातो, आणि खरा जांभळा दिसतो तो या दोहोंच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. सगळे वांगे जांभळे रंगवले तर ते प्लॅस्टिकचे वाटते.

सावलीसाठी अल्ट्रामरीन हा गडद निळा आणि बर्न्ट सिएना हा विटकरी तपकिरी यांचे मिश्रण उपयोगी पडते. निळा वाढवला की करडा थंड होतो, सिएना वाढवली की उबदार. पांढऱ्या फडक्यावरची तांब्याची पडछाया तांब्याजवळ थोडी पिवळसर आणि गडद, तर लांब जाताना निळसर आणि मऊ कडांची होते. ती एका हाताने, एकाच ओलाव्यात उतरावी. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवला तर खालचा थर उठतो आणि करडा गढूळ होतो.

टोनवरच उभे असलेले जलरंगातले चित्र पाहायचे तर चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882–1968) यांचे दिवा हाती धरलेल्या स्त्रीचे चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. ते वस्तुचित्र नव्हे, पण ज्योतीआड धरलेल्या बोटांतून पाझरणारा उजेड आजूबाजूच्या गडद टोनमुळेच उजळतो. ठाण्याहून म्हैसूर गाठणे सोपे नाही, तरी एकदा जावेच.

उत्तरेच्या खिडकीचा उजेड दिवसभर सारखा राहतो, असे युरोपातल्या चित्रकारांकडून आलेले सूत्र वर्गात सांगतात. ठाणे सुमारे 19 अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत इथला माध्यान्हीचा सूर्यच डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि मार्च ते सप्टेंबर सकाळ-संध्याकाळचे ऊन उत्तरेच्या खिडकीतून आत येऊ शकते. त्या महिन्यांत पातळ पांढरा पडदा लावणे किंवा एकाच बाजूने दिवा ठेवणे बरे.

पावसाळ्यात कागद हा वेगळाच विषय होतो. दमट हवेत वॉश, म्हणजे भरपूर पाण्यात पसरलेला पातळ रंगाचा थर, बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे ओल्यावर ओला रंग सोडायला जून ते सप्टेंबरसारखा काळ नाही. पण अर्धवट वाळलेल्या थरावर जास्त पाण्याचा ब्रश टेकला की कोबीच्या कडेसारखे दातेरी डाग पडतात. बंद कपाटातल्या कागदाला बुरशी लागली तर त्यावरचे सरसाचे अस्तर जाते आणि तेवढ्या जागी रंग शाईसारखा झिरपतो. डाग रंग लावल्यावरच दिसतो. म्हणून पावसाळ्यात गठ्ठ्यातला प्रत्येक कागद आधी कोपऱ्यावर फिका वॉश देऊन तपासतात, आणि उरलेले कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उंच, कोरड्या फळीवर ठेवतात.