अंगावरून वारं गेलं, थोडक्यात निभावलं... आता घरी काय करायचं?

डॉक्टरनी "मायनर स्ट्रोक" म्हणून सांगितलं आणि तीन-चार दिवसांत घरी सोडलं की घरात दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते देवाच्या कृपेने काय झालंच नाही, उद्यापासून दुकानात बसा. दुसरी पेशंटला पाण्याचा तांब्यापण उचलू देत नाही. फोंड्यात आणि आजूबाजूच्या गावांत आम्ही घरी जाऊन फिजिओ देतो, तिथे बऱ्याचदा व्यायामाच्या आधी हेच भांडण सोडवावं लागतं.

एक गोष्ट आधीच क्लिअर करतो. आमचं काम गोळ्यांशिवायचं आहे, गोळ्यांच्या बदल्यात नाही. रक्त पातळ ठेवायची, प्रेशरची, कोलेस्टेरॉलची गोळी डॉक्टर सांगतील तशी चालूच राहणार, "आता बरं वाटतंय" म्हणून स्वतःच बंद करू नका, कारण छोट्या झटक्यानंतर मोठा यायची भीती पहिल्या काही दिवसांत आणि आठवड्यांत सगळ्यात जास्त असते. तोंड वाकडं झालं, हात खाली पडला, बोलणं अडखळलं तर तेल चोळत बसू नका, आम्हालापण फोन नको, सरळ १०८ लावा. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि सत्तरीहून बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात पोचायलाच किती वेळ जातो ते तुम्हाला सांगायला नको.

आता व्यायाम का, ते. मेंदूचा जो भाग गेला तो परत येत नाही, पण बाकीचा मेंदू त्याचं काम शिकून घेऊ शकतो, मात्र करून करूनच. चवथीच्या आधी घुमट शिकणारा पोरगा एकच ठेका शेजाऱ्यांचं डोकं उठेपर्यंत वाजवतो ना, तसंच. आठवड्यातनं तीनदा आम्ही येऊन पाऊण तास हात हलवून गेलो आणि उरलेल्या वेळेत हात मांडीवर पडून राहिला तर आमची फी फुकट गेली असं समजा.

पिळायचा मऊ बॉल जवळपास प्रत्येक घरात आधीच आणून ठेवलेला असतो. आम्ही तो बहुतेक वेळा बाजूला ठेवतो, कारण मूठ मिटणं आधी येतं, बोटं उघडणं मागून आणि कष्टाने, आणि हात आखडायला लागला असेल तर बॉल पिळून तो जास्तच आखडू शकतो. म्हार्दोळच्या बाजूच्या एका आजीला आम्ही बॉलऐवजी अबोलीची फुलं दिली. कमजोर डाव्या हातात केळीचा दोर धरायचा, उजव्याने फूल लावून गाठ मारायची. पहिल्या दिवशी पाच फुलं झाली आणि आजी चिडून झोपली. दीड महिन्याने हातभर वळेसर (फुलांचा गजरा) होत होता, वाकडातिकडा, पण तोच तिने देवाला घातला. ही असली कामं आम्ही शोधतो, शर्टाची बटणं, मूग निवडणं, सुटे पैसे मोजणं, जे त्या माणसाचं रोजचं आहे ते.

खांद्याची काळजी मात्र घ्या. पेशंटला उठवताना कमजोर हाताला किंवा काखेत धरून ओढू नका, स्नायू ढिले असल्यामुळे खांदा निसटतो आणि मग महिनोन् महिने दुखतो. कसं उठवायचं ते आम्ही घरच्या सगळ्यांना शिकवतो, कामवालीलापण.

काही गोष्टी घरच्यांच्याच लक्षात येतात, त्या आम्हाला सांगा. ताटातला डाव्या बाजूचा भात तसाच राहतो का (डावी बाजू दिसत असून मेंदू तिकडे बघत नाही असं होतं), पाणी पिताना ठसका लागतो का, शब्द सापडत नाही पण आरती मात्र अख्खी म्हणतात का. ठसका असेल तर गिळण्याची तपासणी आधी. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्ट लागतो, ते काम आमचं नाही. आणि हो, दुपारपर्यंत माणूस थकून जातो, उगाच रडू येतं, कशात मन लागत नाही, तो आळस नाही, नाटक तर नाहीच, स्ट्रोकनंतर खूप जणांना होतं, डॉक्टरना सांगा.

घाईपण नको. २०१५ मध्ये अ‍ॅव्हर्ट नावाच्या मोठ्या चाचणीत दोन हजारांवर पेशंट होते, त्यात पहिल्या २४ तासांतच जोरात उठवायला-चालवायला लागलेल्यांचा निकाल उलट थोडा कमी चांगला आला. घरी आल्यावर चालणं हळूहळू वाढवायचं, डॉक्टरनी हो म्हटलं की आठवड्याला एकूण दीडशे मिनिटांपर्यंत, पण पावसात जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा आपल्या व्हरांड्यातच फेऱ्या मारा. स्कूटर "फक्त तिठ्यापर्यंत"पण नाही, डॉक्टर सांगेपर्यंत. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे पेजेबरोबरचं लोणचं, खारं, पापड यातलं बरंचसं सोडावं लागणार, इथे सगळ्यात जास्त कटकट होते.

पहिल्या भेटीला साधारण तासभर लागतो. डिस्चार्ज पेपर, गोळ्यांची पाकिटं आणि चष्मा जवळ ठेवा, आणि पेशंट घरात घालतो ती चप्पलपण, नवीन आणू नका, जुनी झिजलेलीच दाखवा, पाय कुठे घासतो ते तिच्यावरनं कळतं.