सेकंदाला एक चेंडू

जुलैतला रविवार, बाहेर पावसाची रिपरिप, कोथरूडमधल्या एका सोसायटीचा हॉल. मंडपवाल्याकडून भाड्याने आणलेली चौदा टेबलं चौकोनात मांडली आहेत आणि त्यांच्यावर लेगोच्या ठोकळ्यांची चाळीस यंत्रं एकाला एक लागून उभी आहेत. पहिल्याने चेंडू उचलून दुसऱ्याच्या टोपलीत टाकायचा, दुसऱ्याने तो पायऱ्या चढवून तिसऱ्याला द्यायचा, तिसऱ्याने झोपाळ्यावरून चौथ्याकडे भिरकावायचा. असं करत करत चाळिसावा तो पुन्हा पहिल्याच्या हवाली करतो. चेंडू करवंदाएवढा, १४ मिलिमीटर व्यासाचा, वर फुटबॉलची नक्षी.

हॉलच्या वॉचमनने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "काका, हे शेवटी करतं काय?"

"फिरतं," काका म्हणाले.

काका बँकेतून निवृत्त झालेत. तरुणपणी पेठेतल्या एका गणेश मंडळाचे हलते देखावे करायचे. गाडीच्या वायपरची मोटर घेऊन अफजलखानाचा हात वर-खाली करणं हा त्यांचा हातखंडा. बाकी गटात आम्ही चार-पाच आयटीवाले, एक दातांच्या डॉक्टर आणि आठवीतली एक मुलगी. तिला सगळे ताई म्हणतात, कारण तिचं यंत्र सगळ्यात कमी अडतं.

सोप्या कामासाठी उगाच लांबण लावणारी यंत्रं कागदावर आणली ती रूब गोल्डबर्ग (१८८३–१९७०) या अमेरिकी व्यंगचित्रकाराने. गडी शिकला होता इंजिनिअरिंग. त्याच्या चित्रांतली यंत्रं आणि पत्त्यांसारखी कोसळत जाणारी डॉमिनोची रांग ही एकाच कुळातली. एकदा धक्का दिला की संपेपर्यंत थांबायचं नाही आणि संपलं की पुन्हा पहिल्यापासून मांडायचं. डॉमिनोच्या रांगेतली ऊर्जा धक्क्यातून येत नाही. प्रत्येक सोंगटी उभी करताना आपण ती तिच्यात साठवून ठेवलेली असते, धक्का फक्त कुलूप उघडतो. म्हणूनच सोंगटी स्वतःपेक्षा दीडपट मोठ्या सोंगटीला पाडू शकते. लॉर्न व्हाइटहेड या भौतिकशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये अशा तेरा सोंगट्यांच्या रांगेबद्दल लिहिलं होतं. हिशोब घरी करून बघा: पहिली एक सेंटिमीटरची घेतली आणि पुढची प्रत्येक दीडपट, तर तेरावी १.३ मीटरच्या आसपास जाते. वजन घनात वाढतं आणि उंचीही वाढते, त्यामुळे प्रत्येक पुढच्या सोंगटीत आधीच्यापेक्षा साधारण पाचपट ऊर्जा कोंडलेली असते.

पण या रांगांचा एक वांधा आहे. समजा शंभर टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्पा शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा नीट चालतो. म्हणजे उत्तमच की! पण सगळे शंभर एका दमात नीट चालण्याची शक्यता येते जेमतेम ३७ टक्के. तीनातल्या दोन वेळा पाहुण्यांसमोर फजिती.

आमच्या हॉलमधलं यंत्र वेगळ्या जातीचं आहे. त्याचं नाव ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन, आमच्यात नुसतं जीबीसी. ते एकदा चालून संपत नाही, नदीसारखं वाहत राहतं. त्याचे नियम २०००च्या दशकात स्टीव्ह हॅसनप्लग या अमेरिकी लेगोवेड्याने बांधून दिले आणि ते इतके थोडके आहेत की बसच्या तिकिटामागे मावतील. प्रत्येक यंत्राला चेंडू घेण्यासाठी एक टोपली हवी, बाहेरून दहा खुंट्या (ठोकळ्यावरचे गोल उंचवटे) लांब, दहा खुंट्या रुंद, दहा ठोकळ्यांपेक्षा उंच नाही. यंत्राने सरासरी सेकंदाला एक चेंडू पुढे द्यायचा. एकेक द्या नाहीतर साठवून घाऊक द्या, पण एका वेळी तीसपेक्षा जास्त नाही. बस्स. मधे काय करायचं, आगगाडी की लिफ्ट की माकडाचा हात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

म्हणजे नियम यंत्राबद्दल जवळजवळ काहीच बोलत नाहीत. बोलतात ते दोन यंत्रांमधल्या सांध्याबद्दल. मला या सगळ्यात खरी हुशारी दिसते ती इथे. पुण्याहून मिरजेकडे जाणारा रेल्वेमार्ग एके काळी मीटरगेज होता, रुळांमधलं अंतर १,००० मिलिमीटर. मुंबईकडून येणारा ब्रॉडगेज, १,६७६ मिलिमीटर. दोन्हीकडची इंजिनं चांगली, डबे चांगले, पण पुणे स्टेशनात माणसं आणि माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवावे लागत. बिघाड कुठल्याच गाडीत नव्हता, सांध्यात होता. आमच्याकडे उलट आहे. हडपसरच्या एका फ्लॅटमध्ये बनलेलं यंत्र औंधातल्या यंत्राला कधी भेटलेलं नसतं, दोघांचे मालकही रविवारी सकाळी पहिल्यांदा भेटतात आणि चेंडू बिनतक्रार पलीकडे जातो.

खुद्द लेगोचा ठोकळा म्हणजे असाच एक करार. वरच्या खुंट्या आणि आतल्या नळ्या अशी आजची रचना कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल केली. खुंटीपासून खुंटी ८ मिलिमीटर, ठोकळ्याची उंची ९.६. तेव्हाचा ठोकळा आजच्यात बसतो. म्हणून टोपली ८ सेंटिमीटर म्हणजे ८ सेंटिमीटरच, कुणाच्या पट्टीने मोजायची असे वाद नाहीत.

कागदावर. टेबलांनी मात्र आमची जिरवली.

माझं यंत्र दोन टेबलांच्या जोडावर आलं होतं. घरी तीन तास एकही चेंडू न सांडता चाललेलं. हॉलमध्ये पाचव्या मिनिटाला टक, टक, टक, चेंडू फरशीवर. माझ्या पन्हाळीचं टोक ताईच्या टोपलीच्या काठावर आपटत होतं. पलीकडचं टेबल चार मिलिमीटर उंच होतं. एका घडी घातलेल्या लग्नपत्रिकेने ते काम भागलं. तासाभराने पुन्हा टक टक. आता मात्र उंची बरोबर होती आणि यंत्रच करंगळीभर डावीकडे सरकलं होतं! मोटरची थरथर प्लायवुडवर यंत्राला मुंगीच्या पावलांनी चालवत होती. थरथरीत क्षणभर वजन हलकं होतं, त्या क्षणी घर्षण ढिलं पडतं आणि जिकडे ओढ असेल तिकडे वस्तू केसभर सरकते. असे केस तासाला हजारो. काकांनी घरून कपाटात अंथरायची जाळीदार रबरी मॅट आणली, तिचे तुकडे कापून खाली सारले.

"दादा, तुमचं यंत्र मला भेटायला येत होतं," ताई म्हणाली.

टोपलीतला गुंता याहून जुना. गिरणीत दळण टाकलं की मधेच गहू यायचा थांबतो आणि गिरणीवाला वरच्या पत्र्याच्या पेटीला एक थप्पड मारतो, आठवतं? आत दाण्यांची कमान झालेली असते. दाणे एकमेकांना टेकतात, वरचा भार बाजूच्या भिंतींवर ढकलतात आणि खालचं तोंड मोकळं असूनही कुणी पडत नाही. शनिवारवाड्याच्या कमानीतले दगड ज्या कारणाने खाली येत नाहीत, त्याच कारणाने. गोल दाण्यांवरचे प्रयोग सांगतात की तोंड दाण्याच्या साधारण पाचपट रुंद असेल तर कमान धरण्याची शक्यता नगण्य होते. आमचा चेंडू १४ मिलिमीटरचा, म्हणजे तोंड हवं ७० मिलिमीटर. आणि टोपली आतून किती? दोन्हीकडच्या भिंतींची एकेक खुंटी वजा केली की उरतात ६४! म्हणजे नियमात बसणारी कुठलीही टोपली कधी ना कधी तुंबणारच. त्यावर गिरणीवाल्याची थप्पड कायमची बसवून घ्यावी लागते. बहुतेक जण टोपलीचा तळच सावकाश वर-खाली हलता ठेवतात. स्पेनमधल्या नवारा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलेला उपाय तर उफराटाच आहे. तोंडाच्या थोडं वर मुद्दाम एक अडथळा ठेवा, तुंबणं कमी होतं. अडथळा वरचा दाब स्वतःवर घेतो. डॉक्टर मॅडमनी हे करून पाहिलं. त्यांच्या टोपलीत मधोमध एक पिवळा ठोकळा आडवा बसवलाय, आणि नवीन येणारा प्रत्येक जण तो चुकून राहिलाय समजून काढायला जातो.

वेगाचा हिशोब सोपा. समजा मोटर मिनिटाला ३०० फेरे मारते. आठ दात्यांचा गिअर चाळीस दात्यांच्या गिअरला जोडला की वेग पाचपट कमी होतो, मिनिटाला ६० फेरे, म्हणजे सेकंदाला एक. काकांना मात्र वर्म गिअर प्रिय. स्क्रूसारख्या त्याच्या एका फेऱ्यात समोरच्या चक्राचा एकच दाता सरकतो आणि चक्राने कितीही ओढलं तरी स्क्रू सहसा उलटा फिरत नाही. वीज गेली तरी वर उचललेला हात तिथेच राहतो. वायपरच्या मोटरीतही हाच असतो. अफजलखानाचा हात अधांतरी थांबायचा त्याचं रहस्य इतकंच.

ताईच्या यंत्रात माल्टीज क्रॉस आहे. चार खाचांचं चक्र आणि शेजारी फिरणारी एक खुंटी. खुंटी सारखी फिरते, खाचेत शिरते तेवढ्या वेळात चक्राला पाव फेरा देते आणि बाहेर पडते. उरलेला वेळ चक्र ठाम उभं. सतत फिरण्यातून थांबत-थांबत पुढे जाणं. चित्रपटाची रीळ प्रोजेक्टरमध्ये याच युक्तीने सरकायची, सेकंदाला २४ चित्रं, प्रत्येक चित्र दिव्यासमोर क्षणभर स्थिर. आमच्या हॉलपासून जवळच, प्रभात कंपनीच्या जुन्या स्टुडिओत आता फिल्म इन्स्टिट्यूट आहे. तिथले बोलपट देशभर ज्या प्रोजेक्टरांवर दिसले, त्यांच्या पोटातली युक्ती आता एका आठवीतल्या मुलीच्या टेबलावर चेंडू मोजून पुढे देते.

एखादं यंत्र जरा आळशी निघालं तर? सेकंदाला एकाऐवजी ०.९ चेंडू पुढे देणारं. फरक डोळ्यांना दिसतही नाही. पण मिनिटाला सहा चेंडू त्याच्या टोपलीत साचतात, दहा मिनिटांत साठ. मग टोपली शिगोशीग भरते आणि ओघळ सुरू. गंमत म्हणजे दोष दिसतो तिथे नसतोच. पुढच्यांच्या टोपल्या रिकाम्या पडतात, ते मालक आपापल्या मोटरी तपासत बसतात आणि आळशी यंत्र मजेत हलत असतं. लक्ष्मी रोडवरची कोंडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे वेगळं सांगायला नको.

एकूण चेंडू किती लागतील, याचंही गणित आहे. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की रांगेत असलेली सरासरी संख्या म्हणजे येण्याचा दर गुणिले आत घालवलेला वेळ. आमच्या चेंडूला एक फेरी पूर्ण करायला सुमारे आठ मिनिटं लागतात, म्हणजे ४८० सेकंद. दर सेकंदाला एक, म्हणजे ४८० चेंडू. बँकेच्या रांगेलाही हाच नियम लागू पडतो हे काकांना सांगितलं, तर म्हणाले, "आमच्या शाखेत दर शून्य होता."

आणि सांडणं? दहा हजार वेळा चेंडू दिला तर एकदाच चुकायचं, इतकं पक्कं प्रत्येक यंत्र आपण धरू. चाळीस सांधे, तासाला ३,६०० सेकंद, म्हणजे तासात १,४४,००० देवघेवी. त्यातले चौदा चेंडू तरीही जमिनीवर. म्हणून टेबलांखाली एक माणूस कायम रांगत असतो, पाळीपाळीने.

त्या रविवारी संध्याकाळी आम्ही ५०० पैकी ४९३ चेंडू मोजून डब्यात भरले. सात मिळाले नाहीत. कपाटांखाली पाहिलं, स्टेजमागे पाहिलं. आषाढी एकादशीला भजनी मंडळाच्या आजींचा फोन आला: सतरंजी उलगडली तर त्यातून चार गडगडत आले, एक टाळांच्या पिशवीत होता, ठेवून दिलेत.

दोन अजून बाकी आहेत.