ट्रेलरच्या ब्रेकची वायर आणि बॅटरीची वायर

मोटारीमागे कॅरॅव्हॅन, म्हणजे ट्रेलरवरचे फिरते घर, ओढायची असेल, तर अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात दोन्ही वाहनांमध्ये दिव्यांच्या जोडण्यांशिवाय आणखी दोन वायरी लागतात. एक ट्रेलरच्या ब्रेकला वीज पुरवते आणि दुसरी कॅरॅव्हॅनमधली बॅटरी चार्ज करते. आज एकच फिटर त्या दोन्ही एका दिवसात बसवून देतो, पण त्यांचा उगम एक नाही.

ब्रेकची वायर जुनी आहे. अमेरिकेत वॉर्नर इलेक्ट्रिकची स्थापना १९२७ मध्ये झाली, ती वाहनांसाठी विजेचे ब्रेक बनवण्याकरिताच. चाकाच्या ड्रममध्ये बसवलेल्या विद्युतचुंबकात प्रवाह सोडला की तो फिरत्या ड्रमला चिकटू पाहतो, त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो आणि त्याला जोडलेली तरफ ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणारे पट्टे, बाहेर ढकलते. मोटारीच्या ब्रेक ऑइलची नळी दर वेळी सोडायची आणि जोडायची, तर त्यात हवा शिरण्याचा धोका असतो. वायरीला ती अडचण नाही. युरोपने मात्र वेगळा मार्ग धरला. तिथे मोटार मंदावली की मागून येणाऱ्या ट्रेलरच्या रेट्यानेच त्याचे ब्रेक दाबले जातात, म्हणून तिथल्या बहुतेक कॅरॅव्हॅनना ब्रेकसाठी विजेची गरज पडली नाही.

ब्रेकला किती प्रवाह द्यायचा, हे ठरवणारा कंट्रोलर पूर्वी मोटारीच्या हायड्रॉलिक ब्रेकच्या नळीला फाटा काढून जोडत असत. मोटारींत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा, आल्यावर त्या नळीला हात लावणे धोक्याचे ठरले, आणि वेग किती झपाट्याने उतरतो आहे हे स्वतःच मोजणारे कंट्रोलर रूढ झाले.

बॅटरीच्या वायरीची कथा मोटारीच्या विद्युतयंत्रणेशी बांधलेली आहे. अमेरिकी मोटारी १९५० च्या दशकाच्या मध्यास ६ व्होल्टवरून १२ व्होल्टवर आल्या आणि १९६० च्या सुमारास क्रायस्लरने इंजिनाच्या जोरावर वीज बनवणाऱ्या जुन्या डायनॅमोऐवजी अल्टरनेटर वापरात आणला. इंजिन संथ चालत असतानाही अल्टरनेटर पुरेसा प्रवाह देत असल्यामुळे दुसरी बॅटरी पोसणे शक्य झाले, आणि इंजिन बंद असताना मोटारीची बॅटरी उपसली जाऊ नये म्हणून मध्ये एक रिले, म्हणजे जोडणी आपोआप तोडणारा विजेचा स्विच, बसवला की काम भागत असे. अडचण होती ती तांब्याच्या जाडीची, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली गोष्ट हीच. अडीच चौरस मिलिमीटरची वायर ७ मीटर जाऊन तितकीच परत आली, तर १० अँपिअरला सुमारे १ व्होल्ट वाटेतच खर्च होतो, अल्टरनेटरचे १४.४ व्होल्ट कॅरॅव्हॅनपर्यंत १३.४ होऊन पोहोचतात आणि बॅटरी पूर्ण भरायला फार वेळ लागतो. ब्रेकचेही तसेच आहे, कारण चार चुंबक मिळून सुमारे १२ अँपिअर घेतात आणि बारीक वायर त्यांची पकड ढिली करते. पुढे इंधन वाचवण्यासाठी मोटारीच्या संगणकाने अल्टरनेटरचा विद्युतदाब (व्होल्टेज) मुद्दाम उतरवायला सुरुवात केली, तेव्हा जाड वायरही अपुरी पडली आणि मिळेल तो दाब वाढवून बॅटरीला योग्य तेवढाच देणारे डीसी-डीसी चार्जर कॅरॅव्हॅनमध्ये आले.

या दोन वायरींची गाठ सुरक्षेच्या नियमाने घातली. ऑस्ट्रेलियात २,००० किलोंहून जड ट्रेलर मोटारीपासून सुटला, तर त्याचे ब्रेक आपोआप लागून किमान १५ मिनिटे लागलेले राहिले पाहिजेत. त्या वेळी मोटारीची वीज तुटलेली असते. विजेच्या ब्रेकचे चुंबक ट्रेलरवरच्या बॅटरीवर चालतात, आणि ती बहुधा त्या चार्जिंगच्या वायरीनेच भरलेली असते.